ऑगस्टअखेरचा तो शनिवार घरात घालवू नका

डब्लिनमध्ये दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी एका शनिवारी अमेरिकेतली दोन विद्यापीठं अमेरिकन फुटबॉलचा सामना खेळायला येतात. दोन-तीन दिवस सगळ्या शहरात एका रंगाचे टी-शर्ट घातलेले आजी-आजोबा, कॉलेजची पोरं, खांद्यावर वाद्यं टाकून निघालेली बँडची मुलं दिसतात. आपली मराठी माणसं ऑफिसला जाता-येता हे पाहतात, ‘अमेरिकन लोकांचं काहीतरी चाललंय’ म्हणतात आणि शनिवारी घरी बसतात. माझं आवर्जून सांगणं आहे की एक वर्ष तरी बसू नका. तिकीट काढा, मुलाबाळांना घ्या, भारतातून आई-वडील आले असतील तर त्यांनाही घ्या, आणि जा. खेळ कळत नाही ही सबब चालायची नाही, कारण मजा येण्यापुरता तो अर्ध्या तासात कळतो. बाकीच्या सबबींचंही बोलू. त्यातली एक गंभीर आहे.

आधी हे प्रकरण काय ते सांगतो. आपल्याकडे विद्यापीठाचा क्रिकेट संघ कधी आणि कुठे खेळला हे त्या विद्यापीठातल्या मुलांनाही ठाऊक नसतं. अमेरिकेत नेमकं उलट आहे. तिथल्या कितीतरी राज्यांत फुटबॉलचा व्यावसायिक संघच नाही. गावाचा, जिल्ह्याचा, राज्याचा जो काही अभिमान असेल तो सगळा विद्यापीठाच्या संघावर. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. नेब्रास्का विद्यापीठाचे घरच्या मैदानावरचे सामने 1962 पासून हाउसफुल जात आले आहेत. आजोबांच्या नावावरची सीट नातवाकडे येते. लग्नाच्या तारखा सामने बघून काढतात. पुण्या-मुंबईहून एमएस करायला जॉर्जिया टेकला किंवा आयोवाला गेलेल्या आपल्या मुलांनाही पहिल्याच वर्षी हे वारं लागतं. फोनवर ती आई-बाबांना काहीबाही सांगत असतात, पण सांगून ते कळत नाही. बघावं लागतं.

हा सामना आयर्लंडमध्ये का, याचं उत्तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांमागे आहे. 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळ आला, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यातली बरीचशी अमेरिकेत उतरली. आज तीन कोटींच्या आसपास अमेरिकन माणसं आपलं मूळ आयरिश सांगतात. बोस्टन कॉलेज 1863 मध्ये जेझुइटांनी काढलं ते मुख्यतः या गरीब आयरिश स्थलांतरितांच्या मुलांसाठी. इंडियानातल्या नोटर डेम विद्यापीठाचा संघ तर ‘फायटिंग आयरिश’ या नावानेच ओळखला जातो. तेव्हा 1988 मध्ये बोस्टन कॉलेज आणि आर्मी (म्हणजे अमेरिकन लष्करी अकादमीचा संघ) यांचा सामना डब्लिनच्या लॅन्सडाउन रोड मैदानावर झाला, त्याच्या पुढच्या वर्षी पिट्सबर्ग आणि रटगर्स आले, 1996 मध्ये नोटर डेम आणि नेव्ही (नौदलाच्या अकादमीचा संघ) क्रोक पार्कवर खेळले, यात आश्चर्य नाही. 2012 मध्ये नोटर डेम आणि नेव्ही पुन्हा आले तेव्हा अमेरिकेतून सुमारे 35,000 माणसं त्यांच्यामागे आली, आणि आयर्लंडच्या पर्यटन खात्याला या सामन्यांची किंमत कळली. 2020 चा सामना कोविडमुळे रद्द झाला, 2021 चा अमेरिकेतच खेळावा लागला. 2022 पासून मात्र दरवर्षी अविवा स्टेडियमवर हा सामना ठरलेला आहे.

आता खेळ. नियमांचं पुस्तक वाचत बसू नका. एवढं लक्षात ठेवा: ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. चार चेंडूंच्या षटकात दहा धावा काढायच्या, असं समजा. काढल्या तर पुढचे चार चेंडू मिळतात, नाही काढल्या तर बॅट समोरच्याच्या हातात. या प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा. चेंडू घेऊन त्या पट्ट्यात शिरलं की टचडाउन, सहा गुण. त्यानंतर टोकाच्या उभ्या खांबांमधून चेंडू मारला की आणखी एक. टचडाउन जमत नसेल तर लांबूनच खांबांमधून लाथ मारायची, त्याचे तीन. कॉलेजचा सामना बरोबरीत सुटत नाही, जादा वेळ खेळून निकाल लावतात.

बघायचं कुठे, तर तिसऱ्या आणि चौथ्या प्रयत्नाकडे. पहिल्या दोन प्रयत्नांत शेजाऱ्याशी बोललात तरी चालेल. चौथा प्रयत्न आला की मात्र बोलणं थांबवा. समोर तीन वाटा असतात: लाथ मारून चेंडू लांब फेकून द्यायचा आणि समोरच्याला मागून सुरुवात करायला लावायची, खांब टप्प्यात असतील तर तीन गुण घ्यायचे, नाहीतर हिंमत करून उरलेलं अंतर कापायला जायचं. जमलं तर जमलं, नाहीतर चेंडू गेला. प्रशिक्षक निर्णय घ्यायला काही सेकंद घेतो आणि तेवढ्यात सगळं स्टेडियम उभं राहतं. या खेळाचा जीव इथे आहे.

नको तिथे केलेली हिंमत काय करते हे डब्लिनने 2022 मध्ये पाहिलं. नेब्रास्का विरुद्ध नॉर्थवेस्टर्न. तिसऱ्या भागात नेब्रास्का 28-17 असं पुढे होतं. गुण घेतल्यावर चेंडू लाथेने समोरच्यांकडे द्यायचा असतो. तो लांब मारायचा ही साधी रीत. नेब्रास्काचे प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांनी तो मुद्दाम आखूड मारायला लावला, म्हणजे दहा यार्ड गेल्यावर आपल्याच मुलांनी झडप घालून परत मिळवायचा. अकरा गुणांनी पुढे असताना याची काहीच गरज नव्हती. चेंडू नॉर्थवेस्टर्नला मिळाला, तोही मैदानाच्या मध्याजवळ. तिथून त्यांनी टचडाउन केला, सामना फिरला आणि 31-28 असा निकाल लागला. दोन आठवड्यांनी, घरच्या मैदानावर आणखी एक हार झाल्यावर, फ्रॉस्ट यांची नोकरी गेली. ते स्वतः नेब्रास्काचेच जुने खेळाडू होते. राज्याने मोठ्या आशेने त्यांना परत आणलं होतं. त्या एका लाथेची चर्चा तिथे अजून होते.

2024 मध्ये याच्या उलट झालं. फ्लोरिडा स्टेट देशात दहाव्या क्रमांकावर होतं, जॉर्जिया टेककडून कुणाला मोठी अपेक्षा नव्हती. 21-21 अशी बरोबरी असताना चेंडू टेककडे आला आणि त्यांनी घाई केली नाही. चार-चार, पाच-पाच यार्ड करत, घड्याळ संपवत ते पुढे सरकत राहिले. शेवटच्या क्षणाला एडन बर या मुलाने 44 यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला आणि सामना 24-21 असा संपला. तुम्हाला नियमांतले फक्त चार प्रयत्न आणि दहा यार्ड माहीत असते तरी शेवटची सहा मिनिटं तुम्ही खुर्चीच्या कडेवर बसून काढली असती.

एक सूचना: सामना साडेतीन तास चालतो आणि त्यातला बराच वेळ खेळ थांबलेला असतो. हा वेळ फुकट गेला असं मानू नका. बँड त्या वेळेसाठीच असतो. विद्यापीठांचे बँड समुद्र ओलांडून येतात. मधल्या सुट्टीत शंभर-दोनशे मुलं वाजवत वाजवत मैदानावर चालतात, अक्षरं आणि आकृत्या काढतात, आणि एकाचंही पाऊल चुकत नाही. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकात वाजवलेल्या कुणालाही यामागची मेहनत सांगावी लागणार नाही. तिकीट घेताना जमलं तर बँडच्या जवळची जागा घ्या. लहान मुलांना खेळ कंटाळवाणा झाला तरी बँड होत नाही.

आणि बाजू घ्या. तटस्थ बसून हा खेळ बघण्यात काही अर्थ नाही. तुमच्या भाच्याने तिथून एमएस केलं असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर ज्या रंगाच्या माणसांमध्ये तुमची जागा असेल त्यांचे व्हा. ती माणसं तुम्हाला सामावून घेतात, याबद्दल शंका नको.

2025 चा सामना कॅन्सस स्टेट आणि आयोवा स्टेट यांचा होता. दोन्ही मूळची शेतीची विद्यापीठं. 1862 च्या कायद्याने अमेरिकन सरकारने जमिनी देऊन शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी जी विद्यापीठं उभी केली त्यातली. हे दोन संघ 1917 पासून 2025 पर्यंत दरवर्षी एकमेकांशी खेळले आणि त्यांच्या लढतीला चाहत्यांनी ‘फार्मागेडन’ असं नाव ठेवलं आहे. माझ्या परिचयातल्या एका मुलाचे वडील तेव्हा मंगळवेढ्याहून आले होते. जन्म शेतीत गेलेला, इंग्रजी कामापुरतं. मुलगा त्यांना नको नको म्हणताना घेऊन गेला. त्यांच्या शेजारी जांभळा शर्ट घातलेले कॅन्ससचे एक शेतकरी बसले होते. पहिल्या भागातच मोबाइलवर फोटो दाखवणं सुरू झालं. कॅन्ससच्या माणसाने आपल्या शेताचा फोटो दाखवला आणि काका सरळ होऊन बसले. ज्वारी होती. क्षितिजापर्यंत ज्वारी, पण ताटं बुटकी, कमरेएवढी, कारण तिथे ती यंत्राने कापतात. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते, आणि तिथे ती बहुतेक जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाते. मंगळवेढा ज्वारीचं कोठार, हे आपल्याला सांगायला नको. काकांनी कडब्याचा विषय काढला. इतकी बुटकी ज्वारी, मग गुरं खातात काय? मुलगा मध्ये दुभाषा. त्या शेतकऱ्याला ज्वारीची भाकरी करून माणसं रोज खातात हे नवीन होतं. त्याने बायकोला बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं.

सामन्याच्या शेवटी आयोवा स्टेट 24-21 असं पुढे होतं, अडीच मिनिटांच्या आत वेळ उरली होती, आणि त्यांचा चौथा प्रयत्न होता. तीन यार्ड हवे होते. लाथ मारून तीन गुण घ्यायचे की धोका पत्करायचा? त्यांनी धोका पत्करला, चेंडू फेकला, झेलला गेला, आणि सामना कॅन्सस स्टेटच्या हातातून गेला. तोवर काकांना चार प्रयत्नांचं गणित पुरतं कळलं होतं. ते शेजाऱ्याच्या बरोबरीने उभे राहिले होते आणि त्याच्याबरोबरच खाली बसले. दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले आहेत. पेरणीचे आणि काढणीचे फोटो येतात-जातात.

आता त्या गंभीर सबबीकडे येतो. 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. जुलैत टाला भागात एका भारतीय माणसाला निर्घृण मारहाण झाली, त्यामागोमाग आणखी घटना पुढे आल्या. डब्लिनमधल्या भारतीय दूतावासाने निर्जन भागात, विशेषतः आडवेळी, जाणं टाळा अशी सूचना काढली. ऑगस्टमधला भारत दिनाचा सोहळा पुढे ढकलावा लागला. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी या हल्ल्यांचा जाहीर निषेध केला, पण घराघरांत जी भीती शिरायची ती शिरलीच. 2022 च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये भारतीय नागरिक 45,000 च्या वर होते. इस्पितळांत, सॉफ्टवेअर कंपन्यांत, वृद्धाश्रमांत काम करणारी ही माणसं. संध्याकाळी सातनंतर बाहेर पडायचं नाही असं ठरवलेली कुटुंबं मला माहीत आहेत. त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. ज्यांच्यावर वेळ आली त्यांनाच ते कळतं.

तरी त्यांना माझं सांगणं असं आहे. निर्जन रस्ता टाळणं वेगळं आणि गर्दीचा, उजेडाचा, सणाचा दिवस टाळणं वेगळं. पहिलं शहाणपण आहे. दुसऱ्याने आपण हळूहळू शहरातून पुसले जातो. ऑफिस, मॉल, देवळातला सत्संग आणि घर एवढ्याच जागी आपण दिसलो तर इथल्या सामान्य आयरिश माणसाला आपण शेजारी कधी वाटणारच नाही. हाच देश आहे ज्याने मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरांच्या मुलाला, लिओ वराडकर यांना, दोनदा पंतप्रधान केलं. तोही आयर्लंड खरा आणि हल्ला करणारी टोळकीही खरी. कुठल्या आयर्लंडशी ओळख वाढवायची हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. सामन्याच्या दिवशी स्टेडियमच्या आसपास गार्डा, म्हणजे इथले पोलीस, जागोजागी असतात. त्या दिवशी शहरात परक्यांची इतकी गर्दी असते की तुमच्याकडे वळून बघायला कुणाला सवड नसते.

काळजी मात्र घ्या. चार-पाच घरं मिळून जा. परतताना एकत्र निघा, मुख्य रस्त्याने चाला, शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा. पबच्या बाहेर उशिरा रेंगाळू नका. काही घडलं तर 112 किंवा 999 फिरवा आणि तक्रार नोंदवल्याशिवाय सोडू नका.

व्हिसाचं स्पष्ट सांगतो, कारण इथे माणसं फसतात. आयर्लंड शेंगेन गटात नाही. शेंगेनच्या व्हिसावर डब्लिनला उतरता येत नाही. अमेरिकेचा व्हिसा असो की ग्रीन कार्ड, पासपोर्ट भारतीय असेल तर आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. ब्रिटनचा व्हिसा असणाऱ्यांना काही अटींवर सवलत आहे. ती तुम्हाला लागू होते का हे आयर्लंडच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरच पाहा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. डब्लिनहून अमेरिकेला परतताना अमेरिकन इमिग्रेशनची तपासणी डब्लिनच्या विमानतळावरच होते. पासपोर्टवरचा व्हिसा संपला असेल, आय-20 वर ताजी सही नसेल, तर तुम्ही विमानात चढण्याआधीच अडकता. मित्रांच्या नादाने तिकीट काढण्याआधी हे कागद तपासा. भारतातून आई-वडिलांना बोलावणार असाल तर व्हिसाला दोन महिने धरून चाला.

तिकीट अधिकृत विक्रीतूनच घ्या. आयर्लंडमध्ये 2021 पासून कायदा आहे की नोंद झालेल्या मोठ्या स्टेडियमच्या आणि कार्यक्रमांच्या तिकिटांची छापील किमतीपेक्षा जास्त दराने फेरविक्री हा गुन्हा आहे. तेव्हा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी अनोळखी माणूस दुप्पट भावाने तिकीट देऊ करत असेल तर एक तर तो कायदा मोडतोय, नाहीतर तुम्हाला फसवतोय. अमेरिकन चाहते विमान, हॉटेल आणि तिकीट असं एकत्र पॅकेज घेतात, ते फार महाग पडतं. इथे राहणाऱ्यांना त्याची गरज नाही. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी हॉटेल मात्र लवकर बघावं, त्या आठवड्यात दर चढतात.

अविवा स्टेडियम घरांच्या वस्तीत आहे, गाडी लावायला जागा नाही. अमेरिकेत सामन्याआधी गाड्यांच्या तळावर शेगड्या पेटवून जेवणावळी उठवतात, तो प्रकार इथे होत नाही. त्याऐवजी आदल्या दिवशी शहरात पेप रॅली, म्हणजे संघाचा उत्साह वाढवणारे मेळावे, होतात, बँड रस्त्यावर वाजवतो. त्याला तिकीट लागत नाही. शनिवारचं जमणारच नसेल त्यांनी निदान शुक्रवारी मुलांना तिकडे न्यावं. स्टेडियमला डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, जा, लॅन्सडाउन रोड स्टेशनवर उतरा. रूळ पश्चिमेच्या स्टँडखालूनच जातात. गर्दी नको असेल तर ट्रिनिटी कॉलेजपासून चालत अर्धा तास लागतो, आणि त्या दिवशी तो रस्ता चालण्यातच गंमत आहे. विमानतळावरून मात्र रेल्वे नाही, बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते.

ऑगस्ट असला तरी डब्लिन ते. दुपारी अठरा-एकोणीस अंश, सूर्य सव्वाआठच्या सुमाराला मावळतो आणि मग चांगलंच गार होतं. आई-वडिलांना स्वेटर आणि पावसाचं जाकीट दोन्ही द्या. छत्री नको, मागच्याला दिसत नाही. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, तेव्हा बॅग न नेलेलीच बरी. शाकाहारी माणसांनी जेवूनच निघावं. आत सगळा व्यवहार कार्डावर चालतो. 2022 मध्ये तिथलं इंटरनेट बंद पडून कार्डं चालेनाशी झाली तेव्हा खाणं-पिणं लोकांना फुकट वाटून टाकलं. दर वर्षी तसं होणार नाही, कार्ड जवळ ठेवा.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांना एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. हा खेळ अंगावर येतो. डोक्याला वारंवार बसणाऱ्या मारामुळे पुढच्या आयुष्यात मेंदूचे विकार झालेले खेळाडू आहेत, आणि अमेरिकेत यावर मोठ्या कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. मुलाने विचारलं तर खरं सांगा. पैशाचंही तसंच. हे विद्यार्थी खेळाडू वर्षानुवर्षं शिष्यवृत्तीवर खेळले आणि त्यांच्या जिवावर विद्यापीठांनी कोट्यवधी डॉलर मिळवले. 2021 पासून त्यांना आपल्या नावावर जाहिराती घेता येतात, आणि 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. हे योग्य झालं असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या गुडघ्यावर स्टेडियम भरतं त्याला वाटा मिळायला हवा.

आणि म्हणूनच सामन्यासाठी बाहेरून येणाऱ्यांना सांगतो, रविवारी लगेच परतू नका. शहराच्या उत्तरेला क्रोक पार्क आहे, तिथे जा. 82,000 वर माणसं बसणारं हे स्टेडियम गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचं, म्हणजे 1884 मध्ये आयरिश खेळ जगवण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेचं. तिथे अंतिम सामना खेळणाऱ्या मुलाला खेळाचा पगार नसतो. तो आपल्या गावच्या क्लबकडून आणि आपल्या परगण्याकडून खेळतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला, शेतावर, बँकेत कामाला जातो. 21 नोव्हेंबर 1920 ला याच मैदानावर ब्रिटिश दलांनी सामना बघायला आलेल्या गर्दीवर गोळ्या झाडल्या. 14 जण गेले, त्यात मायकेल होगन हा खेळाडू होता. तिथला एक स्टँड त्याच्या नावाचा आहे. जालियनवाला बाग होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. क्रोक पार्कमधल्या त्या गोळीबाराच्या आठवणीमुळे आणि स्वतःचे खेळ जपण्याच्या हट्टामुळे संस्थेने कितीतरी वर्षं रग्बी आणि सॉकरला तिथे पाऊल ठेवू दिलं नाही. 2005 मध्ये मतदान होऊन ते दार उघडलं आणि 2007 मध्ये इंग्लंडचा रग्बी संघ तिथे खेळला. मात्र त्याआधीच, 1996 मध्ये, अमेरिकन फुटबॉलला तिथे जागा मिळाली होती. संग्रहालय आणि स्टेडियमची फेरी दोन-तीन तासांत होते. आदल्या दिवशीचा पैशांचा, जाहिरातींचा झगमगाट आणि हे, दोन्ही पाहिलेलं मूल खेळाबद्दल जो प्रश्न विचारेल तो ऐकण्यासारखा असेल.

नोटर डेम आणि नेव्ही पुन्हा कधी डब्लिनला आले तर तो सामना अजिबात चुकवू नका. 2023 मध्ये ते आले तेव्हा 42-3 असा एकतर्फी निकाल लागला, पण या दोघांत निकालाला तेवढं महत्त्व नाही. दुसऱ्या महायुद्धात मुलं सैन्यात गेल्याने नोटर डेम बंद पडायच्या बेतात होतं. नौदलाने तिथे अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण सुरू करून विद्यापीठ तगवलं. त्या उपकारापोटी नोटर डेमने नेव्हीशी दरवर्षी खेळायचं वचन, कोविडचं 2020 सोडलं तर, पाळलं आहे. सामना संपला की दोन्ही संघ एकमेकांच्या विद्यापीठगीताला उभे राहतात, जिंकलेलेही आणि हरलेलेही. ते होईपर्यंत जागा सोडू नका.

2026 चा सामना 29 ऑगस्टला अविवावर ठरला आहे, नॉर्थ कॅरोलायना विरुद्ध टेक्सास ख्रिश्चन. नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक आहेत, व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा सुपर बोल जिंकलेले. त्यांना चौथ्या प्रयत्नाला निर्णय घेताना बघायची संधी घरापासून डार्टच्या अंतरावर आहे. तुमच्या इमारतीतली, ऑफिसातली, मंडळातली मराठी घरं गोळा करा, तिकिटं एका रांगेतली काढा, आणि पहिल्यांदाच आयर्लंडला आलेली नर्स किंवा विद्यार्थी एकटा राहत असेल तर त्यालाही बरोबर घ्या.